ल माँ १९७० ची पोर्शे ९१७के: १/२४ मॉडेल पहिल्यापासून शेवटपर्यंत कसं करायचं

जुन्या एन्ड्युरन्स रेसिंग (तासन्‌तास चालणाऱ्या लांब शर्यतीच्या) गाडीचं मॉडेल करायला घेतलं की सगळ्यात आधी एक गोष्ट ठरवायची, ती म्हणजे आपण नेमकी कुठली गाडी आणि तिची नेमकी कुठली वेळ दाखवणार आहोत. "पोर्शे ९१७ करतोय" एवढं पुरत नाही, कारण ९१७ बऱ्याच होत्या, एकाच सीझनमध्ये एकाच गाडीची शेपटी बदलायची, स्टिकर बदलायचे, लाइट बदलायचे. शिवाय चोवीस तासांच्या शर्यतीत दुपारी चारला उभी असलेली गाडी आणि दुसऱ्या दिवशी दुपारी चारला फिनिश लाइन ओलांडणारी गाडी दिसायला एकदम वेगळ्या असतात. हे आधी ठरलं की पुढचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कुठला लाल, किती चमक, किती घाण, काचेवर काय, टायर कसे, सगळं.

मी इथे १९७० च्या ल माँची, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीची, विजेती गाडी धरून लिहितोय. नंबर २३, चेसिस ९१७-०२३, पोर्शे झाल्झबुर्ग टीम, ड्रायव्हर हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवूड. लाल गाडी, त्यावर पांढरे पट्टे. पोर्शेचा ल माँमधला हा पहिला एकूण विजय. त्या वर्षी पावसाने अक्षरशः झोडपलं होतं, ५१ गाड्या सुटल्या आणि शेवटी क्लासिफाय झाल्या, म्हणजे निकालात धरल्या गेल्या, फक्त ७. हेरमान आणि ॲटवूडने ३४३ लॅप मारल्या. गल्फच्या निळ्या-नारिंगी ९१७ जास्त प्रसिद्ध आहेत हे मान्य, पण त्या वर्षी ल माँला त्यांच्या तिन्ही गाड्या बाद झाल्या होत्या. आणि मॉडेल करणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर लाल-पांढरी गाडी जास्त शिकवते, कारण लाल आणि पांढरा शेजारी शेजारी स्वच्छ रंगवणं हे रंगकामातलं अवघड प्रकरण आहे. खाली दिलेल्या स्टेप्स तुम्ही फोर्ड जीटी४० ला लावा, फेरारीला लावा, पोर्शे ९५६ ला लावा, पद्धत तीच राहते.

आधी फोटो, मग किट

किट विकत घ्यायच्या आधी फोटो जमवा. तीन गठ्ठे करा: शर्यतीच्या वेळचे फोटो, आज म्युझियममध्ये किंवा हिस्टॉरिक रेसमध्ये दिसणाऱ्या गाडीचे फोटो, आणि दुसऱ्या लोकांनी केलेल्या मॉडेलचे फोटो. यातला भरवशाचा गठ्ठा पहिलाच. रिस्टोअर केलेल्या गाडीवर पॉलिश जास्त असतं, पाइप-वायरी नव्या असतात, स्टिकर कधी कधी सरकलेले असतात, त्यामुळे तिचे फोटो मेकॅनिकल भाग समजून घ्यायला वापरा, रंग आणि मार्किंग ठरवायला नाही. तिसरा गठ्ठा फक्त "हे कसं केलं असेल" एवढ्यासाठीच, कारण एकाने केलेली चूक दुसरा बघून करतो आणि मग ती चूकच खरी वाटायला लागते.

शेपटीकडे खास लक्ष द्या. ९१७के मधला के म्हणजे आखूड शेपटीची गाडी. १९७१ ला ल माँ जिंकलेल्या मार्टिनीच्या २२ नंबरच्या गाडीला मागे उभे फिन्स होते, १९७० च्या २३ नंबरला ते नाहीत. एकाच कंपनीच्या वेगवेगळ्या बॉक्समध्ये कधी कधी तेच साचे आणि फक्त डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायचे पातळ स्टिकर) वेगळे असतात, म्हणून बॉक्सवरच्या चित्रावर विश्वास न ठेवता आतल्या पार्ट्सचे फोटो शोधून बघा.

१/२४ मध्ये फुजिमीची प्लॅस्टिक किट आहे, आणि खिसा आणि धीर दोन्ही असेल तर मॉडेल फॅक्टरी हिरोच्या मेटल-रेझिनच्या किट आहेत, १/१२ मध्ये सुद्धा. पहिल्यांदा करत असाल तर प्लॅस्टिक घ्या. मेटल किटमध्ये प्रत्येक पार्ट घासून, पिन मारून बसवायचा असतो आणि त्यात रंगकामाची मजा येईपर्यंत माणूस थकतो.

किट हातात आली की मापं घ्या. खऱ्या ९१७ चा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २३०० मिमी, म्हणजे १/२४ मध्ये ९५.८ मिमी. कॅलिपर लावून बघा. आणखी एक आकडा डोक्यात ठेवा, मॉडेलवरचा १ मिमी म्हणजे खऱ्या गाडीवरचे २४ मिमी. म्हणजे प्रायमर, रंग, क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून तुमचा थर ०.१ मिमी झाला तर खऱ्या गाडीवर तो जवळपास अडीच मिमी जाड रंग झाला. फायबरग्लासच्या दोन पॅनेलमधली फट खऱ्या गाडीवर ३-४ मिमी धरली तर मॉडेलवर ती ०.१५ मिमी येते. याच कारणाने जाड रंग मारलेलं मॉडेल खेळण्यासारखं दिसतं, कितीही चमकवलं तरी.

ड्राय फिट आणि बॉडीची तयारी

सगळे स्प्रू (पार्ट ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडून येतात त्या) कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुऊन वाळवा, साच्याचं तेल निघून जातं. मग लगेच गोंद लावू नका. बॉडी, चेसिस, चाकं, मागचं कव्हर, दारं, काच हे सगळं मास्किंग टेप आणि ब्लू टॅकने तात्पुरतं जोडून गाडी टेबलावर उभी करा आणि बाजूने, डोळा टेबलाच्या लेव्हलला आणून बघा. ९१७ ही जेमतेम ९४ सेंटिमीटर उंच गाडी, म्हणजे मॉडेलमध्ये ३९ मिमी. राइड हाइट, म्हणजे जमिनीपासून बॉडीची उंची, १ मिमी जास्त झाली तरी गाडी उचलल्यासारखी दिसते आणि सगळा आक्रमकपणा जातो. चाकं आत गेलीत का, फेंडरच्या मधोमध आहेत का, चारही टायर जमिनीला टेकतात का, हे आत्ता बघायचं. सस्पेन्शनचे पॉइंट आत्ता तासता येतात, रंग झाल्यावर नाही.

फिट जमलं की बॉडीवर मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या जोडाची उठलेली रेष, शोधा. बोटाने लागत नसेल तर पेन्सिल आडवी धरून हलकी शेडिंग करा, लाइन असेल तिथे ती उठून दिसते. ४०० च्या सँडपेपरने काढा, मग ६००, मग ८००. ९१७ च्या फेंडरचे उभार फार गोलाकार आहेत, तिथे सॅंडिंग स्टिक वापरली की सपाट पॅच पडतो, त्यामुळे सॅंडिंग स्पंज वापरा किंवा कागद बोटाभोवती गुंडाळा.

यानंतरचं काम बरेच जण टाळतात आणि नंतर पस्तावतात, ते म्हणजे पॅनेल लाइन खोल करणं. दाराच्या रेषा, पुढच्या झाकणाची रेषा, मागचं अख्खं कव्हर जिथे कॅबिनला भेटतं ती रेषा, या सगळ्यांवरून स्क्रायबर (रेष कोरायचं टोकदार हत्यार) किंवा बारीक करवतीचं पातं दोन-चार वेळा अगदी हलक्या हाताने फिरवा. जोर लावला की पातं घसरतं आणि लाल बॉडीवर ओरखडा राहतो. लाइन रुंद करायची नाही, फक्त खोल करायची, म्हणजे रंगाने भरली तरी सावली राहील.

प्रायमर, पांढरा, मग लाल

इथे वेळ द्या, अख्खं मॉडेल या टप्प्यावर उभं राहतं किंवा पडतं.

पहिला थर ग्रे प्रायमर, मिस्टर सर्फेसर १२०० किंवा १५००, लेव्हलिंग थिनरमध्ये पातळ करून. ग्रेवर ओरखडे, खड्डे, राहिलेली मोल्ड लाइन लगेच दिसते. दुरुस्ती करा, परत प्रायमर, १५०० ने हलकं पाण्यात घासा. ग्रे वर मग पांढरा प्रायमर. किटचं प्लॅस्टिक जर लाल असेल तर ही पायरी अजिबात गाळू नका, लाल प्लॅस्टिकमधला रंग वरच्या पांढऱ्यात उतरतो आणि काही दिवसांनी पांढरा गुलाबी दिसायला लागतो.

आता क्रम. आधी पांढरा, नंतर लाल, कधीही उलटं नाही. लालवर पांढरा मारला तर झाकायला पाच-सहा थर लागतात आणि तरी गुलाबी झाक उरतेच, शिवाय कडेला रंगाची पायरी तयार होते. पांढऱ्यावर लाल मात्र दोन-तीन पातळ थरांत उजळ आणि सारखा बसतो. पांढऱ्यासाठी टॅमियाचा टीएस-२६ प्युअर व्हाइट चांगला. स्प्रे कॅनमधून थेट मारण्यापेक्षा तो रंग बाटलीत काढून, त्यातला गॅस उडून जाऊ देऊन एअरब्रशने मारला तर थर पातळ राहतो. बाटलीचं झाकण मात्र बराच वेळ उघडं ठेवा, गॅस कोंडला तर रंग उसळून बाहेर येतो. एअरब्रश ०.३ मिमी नोझल, प्रेशर १५ ते २० पीएसआय, अंतर साधारण ८-१० सेंटिमीटर. पहिला थर धुक्यासारखा, दुसराही तसाच, तिसरा थोडा ओला. पांढऱ्याला ओला थर देण्याची घाई केली की तो कडांवरून ओघळतो आणि पॅनेल लाइनमध्ये साचतो.

पांढरा पूर्ण वाळू द्या. वास घेऊन बघा, लॅकरचा वास येतोय तोवर तो वाळलेला नाही. दोन-तीन दिवस थांबलात तर टेप काढताना रंग सोबत निघण्याची भीती बरीच कमी होते.

मग पट्ट्यांचं मास्किंग. किटमध्ये पांढरे पट्टे डिकल म्हणून दिले असतील तरी मी ते रंगवायचाच सल्ला देईन, कारण पांढरा डिकल बऱ्याचदा पूर्ण अपारदर्शक नसतो आणि लालवर ठेवला की मळकट दिसतो. पण तो डिकल शीट फुकट जात नाही, त्याचाच टेम्प्लेट करायचा. डिकल शीटची शंभर टक्के साइजमध्ये फोटोकॉपी किंवा स्कॅन प्रिंट काढा, प्रिंटवर एखादं माप पट्टीने तपासून घ्या, मग तो कागद मास्किंग शीटवर चिकटवून नव्या ब्लेडने कापा. गाडीच्या नाकापासून शेपटीपर्यंत मधोमध १ मिमी टेपची एक सरळ रेष आधी चिकटवा, ती तुमची सेंटर लाइन, डावा आणि उजवा पट्टा दोन्ही तिच्यापासून मोजून बसवायचे. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, गोलाकार फेंडरवर डोळा फसतो. वळणाची कड कापताना आधी १ किंवा २ मिमीची वळणारी प्लॅस्टिक टेप कडेला लावा आणि मग आतला भाग साध्या टेपने भरा.

पट्टे पॅनेल लाइन ओलांडून जातात, पुढच्या भागावरून मागच्या कव्हरवर. त्यामुळे मास्किंग करताना सगळे पॅनेल बॉडीला तात्पुरते लावलेले हवेत, नाहीतर दोन भाग जोडल्यावर पट्टा तुटलेला दिसतो. मास्किंग झालं की पॅनेल लाइनवरून ब्लेड फिरवून टेप कापा, मग हवं तर पॅनेल वेगळे करून रंगवा.

आता एक ट्रिक जी खरंच काम करते. लाल मारायच्या आधी टेपच्या कडांवर परत एकदा पांढऱ्याचा एकदम पातळ थर मारा. टेपखाली जर काही झिरपणार असेल तर ते पांढरंच झिरपेल, कड सील होईल, आणि वरून लाल मारला की रेष ब्लेडने कापल्यासारखी येते. लाल कुठला घ्यायचा यावर लोक खूप वाद घालतात. त्या काळचे कलर फोटो फिल्मप्रमाणे आणि ढगाळ हवेप्रमाणे वेगवेगळा लाल दाखवतात. माझं मत असं की थोडा उबदार, नारिंगीकडे किंचित झुकणारा लाल घ्यावा, गडद मरून किंवा निळसर लाल नको. प्लॅस्टिकच्या चमच्यांवर पांढऱ्या बेसवर तीन-चार लाल मारून, वर क्लिअर देऊन, फोटोशेजारी दिवसाच्या उजेडात धरून बघा आणि मग ठरवा. लालचे थर पातळ मारा आणि टेपच्या कडेवर फवारा टेपकडून बॉडीकडे जाईल अशा दिशेने धरा, उलट दिशेने मारलं की रंग टेपखाली ढकलला जातो. शेवटचा थर मारल्यावर अर्ध्या-एक तासात टेप काढा, टेप स्वतःवर दुमडून, हळू. पूर्ण वाळल्यावर काढली तर कड दातेरी होते.

या सगळ्यात मास्क घाला, साधा कापडी नाही, ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिजवाला. खिडकी उघडी, एक्झॉस्ट फॅन चालू.

डिकल आणि क्लिअर

लाल-पांढरा वाळल्यावर डिकल. गोल पांढऱ्या चकतीवर काळा २३, पुढे आणि बाजूंना, बाकी स्पॉन्सरचे छोटे स्टिकर. फिल्मची कड शक्य तेवढी जवळून कापा. कोमट पाणी, खाली सेटर (डिकल नीट चिकटवणारं द्रव), डिकल सरकवून जागेवर, कापसाच्या काडीने मधून बाहेर पाणी काढा, मग वर सॉफ्टनर (डिकल मऊ करणारं द्रव). पुढच्या नाकावरची चकती दोन दिशांना वळलेल्या भागावर येते, तिथे सुरकुती पडतेच. सॉफ्टनर लावून पाच मिनिटं हात लावू नका, डिकल आधी भयानक सुरकुततो आणि मग आपोआप बसतो. तरी सुरकुती राहिली तर कडेपासून आत एक छोटी चीर द्या, दोन्ही टोकं एकमेकांवर बसवा, जोडावर पांढरा टच-अप. पॅनेल लाइनवरून गेलेला डिकल वाळल्यावर ब्लेडने कापा आणि परत सॉफ्टनर लावा, म्हणजे तो फटीत उतरतो. एक दिवस वाळू द्या आणि मग ओलसर कापडाने सगळा गोंद आणि सॉफ्टनरचे डाग पुसा, हे डाग क्लिअरखाली गेले की कायमचे.

क्लिअरला टॅमियाचा टीएस-१३ वापरत असाल तर लक्षात ठेवा की तो "हॉट" म्हणजे तीव्र सॉल्व्हंटचा लॅकर आहे, जाड मारला तर डिकल विरघळतो किंवा सुरकुततो. पहिले दोन-तीन थर कोरडे धुक्यासारखे, प्रत्येक थरात अर्धा तास, मग दोन मध्यम ओले. टू-के (दोन भाग मिसळून वापरायचा) युरेथेन क्लिअर जास्त टणक आणि चकचकीत बसतो पण त्यात आयसोसायनेट असतं, त्याच्याशी खेळ नको, योग्य मास्क, हातमोजे आणि चांगलं व्हेंटिलेशन नसेल तर तो विचारच सोडा.

आठवडाभर बाजूला ठेवा. मग २०००, ३००० ने पाण्यात घासून संत्र्याच्या सालीसारखं टेक्स्चर काढा, फेंडरच्या टोकांवर आणि पॅनेलच्या कडांवर हात हलका, तिथे क्लिअर सगळ्यात पातळ असतो आणि खालचा रंग पटकन उघडा पडतो. कडांवर १ मिमी टेप लावून मग बाकीचा भाग घासला की ही भीती राहत नाही. मग टॅमियाचे कंपाउंड, कोर्स, फाइन, फिनिश या क्रमाने. इथे थांबायचं कुठे ते कळलं पाहिजे. शोरूममधल्या गाडीसारखा आरसा नकोय आपल्याला, ही रेसिंग टीमने शर्यतीसाठी रंगवलेली फायबरग्लास बॉडी आहे, फाइनपर्यंत पुरे, फिनिश फक्त छतावर आणि फेंडरवर.

पॅनेल लाइनमध्ये एनॅमल वॉश (सावलीसाठी खूप पातळ केलेला रंग) भरताना काळा वापरू नका. लाल भागात गडद तपकिरी, पांढऱ्या भागात मध्यम ग्रे. काळ्या रेषांनी गाडी कार्टूनसारखी दिसते.

इंजिन आणि कॉकपिट

९१७ चं हृदय म्हणजे हान्स मेझगरच्या देखरेखीखाली डिझाइन झालेलं फ्लॅट-१२ एअर-कूल्ड इंजिन, वर आडवा बसवलेला मोठा कूलिंग फॅन. २३ नंबरमध्ये ४.५ लिटरचं व्हर्जन होतं. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे २४ प्लग आणि २४ वायर. सगळ्या घालायच्या का? मागचं कव्हर काढता येईल असं ठेवणार असाल तर वरच्या बाजूच्या सगळ्या घाला, खालच्या इंजिन बसल्यावर दिसतच नाहीत. खरी वायर साधारण ७ मिमी, म्हणजे मॉडेलवर ०.३ मिमी. ०.५ ची वायर घातली तर बागेतला पाण्याचा पाइप वाटतो. डिस्ट्रिब्युटरला ०.३ ड्रिलने हाताने भोकं पाडा, वायर आधी तिथे सुपरग्लूने बसवा, मग एकेक करून सिलिंडरकडे न्या. ती खऱ्या वायरसारखी थोडी झोळ घेऊन गेली पाहिजे, ताणलेली तार नको.

मेटलचे रंग एकाच चंदेरी रंगात मारू नका. क्रँककेस मळका, किंचित पिवळसर ग्रे, सिलिंडर हेड ॲल्युमिनियम, इनटेक ट्रम्पेट चकचकीत, बोल्ट थोडे गडद. फॅनचा रंग तुमच्या फोटोवरून घ्या. एक्झॉस्टला आधी गडद आयर्न, मग इंजिनपासून पहिल्या काही मिलिमीटरवर पातळ तपकिरी, त्यावर अगदी पुसट निळसर-जांभळी झाक, टोकाला आत मॅट काळा. एक्झॉस्ट ग्लॉस राहिला की तो प्लॅस्टिकच दिसतो, सेमी-मॅट क्लिअरने चमक मारा.

चेसिस ॲल्युमिनियमच्या नळ्यांची स्पेसफ्रेम. खऱ्या गाडीत या फ्रेममध्ये गॅस प्रेशरने भरायचे, कुठे तडा गेला तर गेजवर प्रेशर उतरलेलं दिसायचं. मॉडेलवर या नळ्यांचे जोड जिथे दिसतात तिथली मोल्ड लाइन न चुकता काढा, कारण गोल नळीवर रेष दिसली की सगळा भ्रम तुटतो.

कॉकपिटमध्ये स्टिअरिंग उजवीकडे आणि गिअर लिव्हरही ड्रायव्हरच्या उजव्या हाताला. आणि ती प्रसिद्ध गोष्ट, वजन वाचवायला गिअरचा नॉब बाल्सा लाकडाचा होता. मॉडेलमध्ये तो जेमतेम दीड मिमीचा येतो. किटमधला गोळा कापून टाका, बाल्साच्या काडीचं टोक ४०० वर फिरवत गोल करा, वर पातळ मॅट क्लिअर, आणि बारीक पिनवर बसवा. दारातून डोकावणाऱ्याला तो फिकट लाकडी ठिपका दिसतो आणि बाकी सगळ्या काळ्या-ग्रे कॉकपिटला जान येते. सीट बेल्ट डिकलचे असतील तर फेकून द्या, पातळ रिबिन किंवा रंगवलेली मास्किंग टेप घ्या, खांद्याचा बेल्ट खरा साधारण ७५ मिमी म्हणजे मॉडेलवर ३ मिमी. फोटो-एच (पातळ धातूच्या पत्र्यातून कोरलेली) बकल वाकवायच्या आधी मेणबत्तीवर लाल होईपर्यंत तापवून गार होऊ द्या, मऊ होतात. बेल्ट सीटवर पडलेला दाखवा, इस्त्री केलेला नको.

काच, लाइट

९१७ ची पुढची काच मोठी आणि खूप वळलेली आहे, त्यामुळे तिच्यावर सुपरग्लू दिसला की लोकांची नजर तिथेच जाते, आणि वाफेने काच पांढरी पडते ते वेगळं. काच आणि हेडलाइट कव्हर बसवायला पीव्हीए किंवा कॅनोपी ग्लू. काचेच्या कडेचा काळा बॉर्डर आतून रंगवा. हेडलाइटचे रिफ्लेक्टर आधी बेअर मेटल फॉइल किंवा चांगल्या क्रोम रंगाने करा आणि धूळ शिरू न देता लगेच कव्हर लावा, एकदा बंद झालं की आतला केसही निघत नाही. रात्री नंबर दिसावा म्हणून लावलेले छोटे दिवे फोटोत दिसत असतील तर विसरू नका, एन्ड्युरन्स गाडीची ती ओळख आहे.

मळ, आणि तो कुठे बसतो

१९६९ ची ९१७ सरळ रस्त्यावर चालवायला भीतीदायक होती, जास्त वेगात मागची बाजू हलायची. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑस्ट्रियातल्या झेल्टवेगला टेस्ट चालू असताना जॉन वायरच्या, म्हणजे गल्फच्या, टीममधला इंजिनिअर जॉन हॉर्समन याच्या लक्षात आलं की पुढच्या भागावर चिरडलेले किडे आहेत पण मागच्या स्पॉयलरवर जवळजवळ नाहीतच, म्हणजे हवा शेपटीला स्पर्शच करत नाहीये. तिथेच ॲल्युमिनियमचे पत्रे आणि टेप लावून शेपटी उंच केली, ड्रायव्हर एकदम खूश झाले, आणि त्यातून के ची शेपटी आली. मॉडेल करणाऱ्यासाठी यात सगळी वेदरिंगची (मॉडेलवर मळ-झीज दाखवण्याची) थिअरी आहे: घाण हवेबरोबर आणि चाकांमागे जाते, ती कुठेही समान पसरत नाही.

तर तुम्ही फिनिशच्या वेळची गाडी करत असाल तर असं करा. चाकांमागून सुरुवात. पावसात पुढची चाकं पाणी, रबर आणि रस्त्याची माती मागे फेकतात, ती पुढच्या चाकाच्या मागच्या कडेपासून दाराच्या खालच्या भागावर पंख्याच्या आकारात बसते, चाकाजवळ दाट आणि मागे विरळ. ग्रे-तपकिरी मॅट ॲक्रिलिक खूप पातळ, म्हणजे एक भाग रंग आठ-दहा भाग थिनर, १० पीएसआयला, हात हलता ठेवून. एका फेरीत काही दिसणारच नाही, चार-पाच फेऱ्यांनी हळूहळू दिसायला लागतं, आणि "अजून थोडं" असं वाटतं तिथेच थांबा. मग थिनरने जेमतेम ओला केलेला सपाट ब्रश हवेच्या दिशेने ओढा, म्हणजे पाण्याचे ओघळ तयार होतात. मागच्या उभ्या पॅनेलवर घाण सगळ्यात जास्त, तिथे एक्झॉस्टची काजळी आणि तेलाची वाफही येते, त्यात थोडा काळा मिसळा.

काचेवर वायपरची कमान ही एवढीशी गोष्ट आहे पण तिच्यामुळे मॉडेल बोलायला लागतं. वायपर न लावता त्याचा पिव्हट कुठे आहे ते बघा, कंपासने मास्किंग टेपवर वायपरच्या पात्याइतक्या रुंदीची कमान आखून कापा आणि काचेवर लावा. उरलेल्या काचेवर अतिपातळ धुळीचा फवारा, टेप काढा, आत स्वच्छ कमान उरते. कमानीच्या कडेला, जिथे पातं पाणी ढकलून सोडतं, तिथे बारीक ब्रशने घाणीची एक पुसट रेष.

पुढच्या नाकावर आणि हेडलाइट कव्हरवर दगडांचे टवके. ००० ब्रशच्या टोकाने किंवा स्पंजच्या तुकड्याने, पांढऱ्या प्रायमरच्या रंगाचे अगदी सूक्ष्म ठिपके, खाली जास्त, वर कमी. लक्षात ठेवा बॉडी फायबरग्लासची आहे, म्हणून टवक्यातून चंदेरी धातू दिसणार नाही. लोक सवयीने चंदेरी लावतात आणि गाडी पत्र्याची होऊन जाते.

चाकांच्या रिमवर ब्रेकची काळपट तपकिरी धूळ, पुढच्या रिमवर मागच्यापेक्षा जास्त. टायरचा वरचा भाग ४०० ने घासून चमक काढा, साइडवॉल तशीच ठेवा.

स्टार्टची गाडी करत असाल तर यातलं काहीही नको, फक्त टायर घासा आणि पॅनेल लाइन. १९७० ला धावत जाऊन गाडीत बसायची जुनी पद्धत बंद झाली होती, ड्रायव्हर बेल्ट लावून आतच बसलेले असायचे, तेव्हा रिकाम्या सीटवर बेल्ट मोकळे सोडलेली गाडी ग्रिडवर ठेवून डायोरामा करू नका.

शेवटची जोडणी

सगळं वेगवेगळं रंगवून झालं की क्रम असा: इंजिन चेसिसमध्ये, कॉकपिट टब, मग चाकं, आणि बॉडी शेवटी. बॉडी बसवताना कुठे अडकली तर दाबू नका, नव्वद टक्के वेळा कॉकपिटच्या मागची एखादी वायर किंवा डॅशबोर्डची कड आडवी आलेली असते. वायपर, आरसे, टो हुक, अँटेना असे नाजूक भाग सगळ्यात शेवटी आणि शक्यतो ०.३ च्या पिनवर, नुसत्या गोंदावर बसवलेला आरसा पहिल्याच धूळ झटकण्यात उडतो.

मॉडेल झाकण असलेल्या पारदर्शक केसमध्ये ठेवा आणि थेट उन्हापासून लांब, लाल रंग फिका पडतो आणि डिकलची पारदर्शक फिल्म पिवळी पडते. चेसिसला खालून दोन स्क्रू मारून बेसवर फिक्स करा आणि स्क्रूभोवती छोटे स्पेसर घाला, म्हणजे वजन टायरवर येणार नाही. किटमधले मऊ व्हिनाइलचे टायर रंगवलेल्या किंवा प्लॅस्टिकच्या बेसला वर्षानुवर्षं चिकटून राहिले की त्यातलं रसायन प्लॅस्टिक विरघळवतं, आणि तसंच रिमलाही खातं, म्हणून टायर चढवायच्या आधी रिमच्या बाहेरच्या कडेला क्लिअरचा एक थर देऊन तो पूर्ण वाळू द्या.